पांढऱ्या शर्टातला फोटो

१२ ऑक्टोबर, गुरुवार

पुन्हा मरायचंय मला. या खेपेला यकृताचा कॅन्सर.

बातमी कळली ती मेकअपच्या खोलीत. मेकअपवाली पोरगी कानाशी येऊन म्हणाली, "प्यो सर, तुमचा चेहरा हळूहळू पिवळा करत न्यायला सांगितलंय." म्हणजे लेखिकेने सांगितलं नाही, दिग्दर्शकाने सांगितलं नाही, मला सांगितलं कुणी, तर पावडरीच्या डबीने! हसलो. काय करणार?

जेवणाच्या सुट्टीत दिग्दर्शक पाठीवर थाप मारून म्हणाला, "तुमच्यासारखं मरायला कुणाला जमत नाही हो." कौतुक होतं ते. नाटक मंडळीत झाडू मारण्यापासून सुरुवात केली, सिनेमात गुंडांच्या मागे उभा राहिलो, मग पोलीस झालो, मग बाप झालो. आणि बाप झाल्यापासून मरतोच आहे. ट्रकखाली, समुद्रात, हृदय बंद पडून. किती वेळा, ते मोजणं सोडून दिलंय. धंद्यात माझं नावच पडलंय — फोटोतला बाप. पहिल्या भागात दोन वाक्यं बोलायची, मग उरलेली मालिका काळी फीत लावलेल्या चौकटीत बसून पोरांकडे बघत राहायचं.

थकलो. सोलजवळच्या इल्सानच्या स्टुडिओतून घरी येताना रस्ता तुंबला होता. गाडीत बसून डोक्यात एकच — आईचं काय?

१३ ऑक्टोबर, शुक्रवार

तीन वर्षांपूर्वीचं ते सगळं एकदा लिहून काढतो. डोक्यातून तरी जाईल.

तेव्हाच्या मालिकेत मी पहिल्याच भागात मेलो होतो. गोष्ट जुन्या काळातली, घरात बापाचा तरुणपणीचा एकच फोटो, म्हणून त्यांना माझा जुना फोटो हवा होता. नाटक मंडळीतला एक सापडला. पांढरा शर्ट, एका बाजूला चापून बसवलेले केस, तोंडावर उगाचच गंभीर भाव. तो मोठा करून, कोपऱ्यांना काळी फीत लावून पांढऱ्या शेवंतीच्या फुलांत ठेवला. पुढचा अख्खा भाग माझी मयत. माणसं येतायत, उदबत्ती लावतायत, जमिनीला डोकं टेकून नमस्कार करतायत, पोरं धाय मोकलून रडतायत. मी तिथे नव्हतोच. घरी बसून शेवया खात स्वतःची मयत बघत होतो.

तिकडे गावी, बोल्ग्योला वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये आईने ते बघितलं आणि हंबरडा फोडला. जमीन बडवली. टीव्हीला हात लावायला धावली. मग तीन दिवस अन्नाला शिवली नाही. माझी धाकटी बहीण ओक्सुन तिथेच गावात राहते. तिचा फोन — "भाऊ, तू जिवंत आहेस हे तिला पटवून पटवून माझं तोंड दुखलं. तूच ये!"

गेलो. पुढ्यात उभा राहिलो. "आई, बघ. मी आहे. धडधाकट." तिने दोन्ही हातांत माझं तोंड धरलं. खूप वेळ बघितलं. आणि म्हणाली, "ह्यो तो न्हवं." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

डॉक्टर म्हणाले, वय झालं की असं होतं, खरं-खोटं कळेनासं होतं. निघताना तिने माझी बाही धरली. "तो फोटू मला दे." मी म्हटलं, "वेडी का काय तू! मेलेल्याचा फोटो जिवंत माणसाच्या आईला कोण देतं?" पुन्हा मागितला नाही. हळूहळू पेज घ्यायला लागली, पण अंगातून जे गेलं ते परत आलं नाही. डॉक्टरांनी ओक्सुनला स्पष्ट सांगितलं — पुन्हा असं झालं तर शरीर सोसायचं नाही.

तेव्हापासून मी मरणाच्या भूमिका घेतल्या नाहीत. ही घेतली, कारण बाप परागंदा होता आणि परत आला होता. म्हटलं, परत आलेल्याला कोण मारतंय!

१४ ऑक्टोबर, शनिवार

सुट्टी. कपाटामागचे फोटो बाहेर काढून धूळ पुसली. हे एक आणखीच! मयतीचा फोटो सेटवर कुणी ठेवून घेत नाही, फेकायलाही कुणी धजत नाही. मग ज्याचा त्याला देऊन टाकतात, वर अपशकुन टळावा म्हणून पैशांचं एक पाकीट. पाकीट संपतं, फोटो उरतो. सगळे भिंतीकडे तोंड करून उभे आहेत. घरात मी एकटा, आणि मेलेले मी इतके! बायको होती तेव्हा म्हणायची, "यांच्यासोबत राहायचं की तुमच्यासोबत, ते एकदा ठरवा." मग तिनेच ठरवलं. पोरंबाळं नाहीत. म्हणजे माझ्या खऱ्या फोटोपुढे कोण बसणार, देव जाणे.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

बाजारात भाजीवाल्या मावशीने मुळ्याने मारलं. खरोखर! "नालायका, वीस वर्षं पोरीला वाऱ्यावर सोडलंस आणि आता बाप म्हणून मिरवतोस होय?" मी वाकून माफी मागितली. मग तीच म्हणाली, "चेहरा बघा किती उतरलाय. खातोस का नाही नीट?" आणि मुळा फुकट दिला.

बरं वाटलं. खोटं का बोलू.

१९ ऑक्टोबर, गुरुवार

ओक्सुनचा फोन. विचारलं, आई बघते का मालिका?

"बघते म्हणजे! संध्याकाळी जेवण झालं की पहिल्या रांगेतली खुर्ची तिची. कुणी बसलं तर काठीने ढोसते."

"काही बोलते?"

"नाही. तू दिसलास की पुढे सरकते. एवढंच." मग म्हणाली, "भाऊ, तू मरणारबिरणार नाहीस ना यात?"

मी म्हटलं, "नाही गं."

आता हे निभवायला हवं.

२१ ऑक्टोबर, शनिवार

मेंगबाईंकडे गेलो होतो. मालिकेच्या लेखिका. या धंद्यात दिग्दर्शक बदलला तरी चालतं, लेखिका म्हणजे देवीच. रोजचा भाग रोज लिहिते, सकाळी पानं येतात, दुपारी आपण मरतो. तिच्या भाड्याच्या खोलीत पडदे ओढलेले. केस वर बांधलेले, डोळे सुजलेले, टेबलावर वाळवलेला स्क्विड आणि गार झालेली कॉफी. तीही थकलेलीच. माझ्यापेक्षा वयाने लहान, पण वाकून मीच नमस्कार केला.

फळांची पेटी पुढे ठेवली. म्हटलं, "बाई, दोकसूला मारू नका." दोकसू म्हणजे मालिकेतला मी.

"का?"

"माझी आई बघते. तिला खरं वाटतं. मागच्या वेळी—"

तिने हात वर केला. रागावली नाही, तेच जास्त लागलं. "प्यो सर, मी ज्याला ज्याला मारायला घेते त्याची आई आजारी असते. गेल्या मालिकेत एकाचं तर घर जप्त होणार होतं. तुम्हाला काम हवंय, तसं म्हणा ना. मी समजू शकते."

"कामासाठी नाही हो."

"मग मेलात तर काय बिघडतं? फोटो राहीलच की शेवटपर्यंत. फोटोचंही मानधन असतं."

फळांची पेटी तिथेच ठेवून आलो. लिफ्टमध्ये आरशात बघितलं तर खरंच पिवळा दिसत होतो.

२२ ऑक्टोबर, रविवार

लाज. नुसती लाज वाटतेय.

२५ ऑक्टोबर, बुधवार

बातमी सेटवर पोचली. म्हातारा भाग वाढवून मागतोय! माझ्या जावयाचं काम करणारं ते कालचं कार्टं सगळ्यांसमोर म्हणालं, "सर, आम्हालाही एखादी आजारी आई मिळवून द्या की." सगळे हसले. मीही हसलो. हसण्याचे पैसे मिळतात आपल्याला.

ब्योल हसली नाही. ब्योल माझी मालिकेतली मुलगी, म्हणजे खरी नायिका. आज तिच्या चाहत्यांनी सेटवर सगळ्यांसाठी कॉफीची गाडी पाठवली होती, वर तिचा हा मोठा फोटो. ती मला कॅमेरा बंद असला तरी 'बाबा'च म्हणते. कॉफी घेऊन आली, शेजारी बसली.

"बाबा, खरंच आई आहे का हो?"

"आहे."

"आणि खरंच खरं मानतात त्या?"

सगळं सांगितलं. हिला का सांगितलं कळत नाही. पोरगी ऐकताना रडायला लागली, मेकअपवाली ओरडली, डोळ्यांचं सगळं पुन्हा करावं लागलं. जाताना म्हणाली, "मी बोलते मेंगबाईंशी. माझं ऐकावंच लागेल त्यांना."

ऐकावं लागेल खरं. तिच्या नावाच्या कॉफीच्या गाड्या येतात, माझ्या नावाच्या फुलांच्या चौकटी.

३० ऑक्टोबर, सोमवार

मरण टळलं!!

मेंगबाईंनी स्वतः फोन केला. आवाज कोरडा. "तुमच्या मुलीने अडून बसून माझं डोकं खाल्लं. ठीक आहे, दोकसू मरत नाही. पण घरात ठेवून मी त्याचं काय करू? लग्न लावायचंय मला पोरीचं. त्याला परदेशी पाठवते. दुबईला, बांधकामावर मुकादम म्हणून. पोरीच्या लग्नाला पैसा हवा म्हणून जातो. शेवटच्या भागात जमलं तर परत आणीन."

"बाई, तुमचे उपकार—"

"उपकार नकोत. विमानतळावर मात्र लोकांना रडवा."

फोनसमोर वाकून नमस्कार केला. एकटाच होतो, तरी केला. मग बाहेर जाऊन हाडांचं सूप प्यालो, भात दोनदा घेतला. किती दिवसांनी भूक लागली!

ओक्सुनला सांगितलं — मरत नाही, परदेशी जातोय. ती म्हणाली, "चला, सुटलो."

५ नोव्हेंबर, रविवार

बोल्ग्योला जाऊन आलो. ओक्सुनकडे हिवाळ्याची किमची, कोबीचं लोणचं, घालायचं होतं, कोबीचे ढीग अंगणात. मला काम काय, तर मीठ चोळायचं आणि शेजारणींच्या शिव्या खायच्या. "काय हो दोकसू, पोरीला पुन्हा सोडून जाणार नाही ना?"

आईला आणलं होतं, पांघरूण गुंडाळून उन्हात बसवलं. हात अजून तसेच, काळे, बोटं वाकडी. सगळं आयुष्य दलदलीत गेलं. एक गुडघा फळीवर, दुसऱ्या पायाने चिखल रेटत जायची आणि चिखलातल्या शिंपल्या वेचायची. आज तिला शिंपल्या उकडून दिल्या. एक खाल्ली. माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "वाळलास."

"काम असतं आई."

"थोरल्याला पण असंच काम असायचं."

ओक्सुनने आणि मी एकमेकांकडे बघितलं. थोरल्याचं नाव या घरात कुणी घेत नाही. वय झालं की जुनं वर येतं, असं ओक्सुन म्हणाली.

येताना गाडीत थोरल्याचाच विचार. आमच्यातला मोठा, जोंगिक. सौदीला गेला होता बांधकामावर. तेव्हा गावातली निम्मी पोरं जायची. चोवीस वर्षांचा. परांची कोसळली. डब्यातून राख आली. लग्न झालेलं नव्हतं, आईबापाआधी गेला. अशा पोराची मयत करत नाहीत आमच्यात, फोटो ठेवत नाहीत, त्याच्यापुढे कोणी वाकत नाही. बापाने त्याचे कपडे, अंथरूण, होते-नव्हते ते फोटो अंगणात जाळले आणि राख ओहोटीच्या पाण्यात सोडली. दुपारी आई फळी घेऊन चिखलात गेली. शिंपल्या वेचून आणल्या. रडली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही. सणाला आता बापाच्या नावाचं ताट मांडतो, थोरल्याचं मांडत नाही. जणू तो जन्मालाच आला नव्हता.

कणखर बाई. मी नेहमी लोकांना सांगतो, माझी आई कणखर.

९ नोव्हेंबर, गुरुवार

पाठ दुखतेय. दिवसभर एकच प्रसंग, पासपोर्ट बघून पोरगी रडते. ती रडते, मी तिच्याकडे बघतो. बघण्यात तर मी आता एवढा तरबेज झालोय, फोटोतूनही बघू शकतो!

१४ नोव्हेंबर, मंगळवार

विमानतळाचं चित्रीकरण. पहाटेपासून उभे.

कपडेवालीने पांढरा शर्ट दिला. म्हटलं, या वयात पांढरा शर्ट? ती म्हणाली, पहिल्यांदाच परदेशी जाणारा माणूस नीटनेटकाच जाणार ना. खरं आहे.

दोनदा झालं, दिग्दर्शकाला पसंत नाही. "सर, नुसते जाऊ नका. जाताना काहीतरी करा." काहीतरी करा! बारा जणांसमोर, गर्दी थोपवून धरलेली, मागे खरी माणसं खऱ्या बॅगा घेऊन शिव्या घालतायत. सुचेना. पाय दुखायला लागले. मग चालू लागलो, दारापाशी वळलो, डोक्यावरची टोपी काढून उंच धरली आणि ओरडलो — "जेवून घे गं!"

पानावर नव्हतं ते. ब्योल मटकन खाली बसून रडायला लागली. खरं रडली. दिग्दर्शक टाळ्या वाजवत आला. "कुठून आणलंत हे?"

म्हटलं, सुचलं.

सुचलं कसलं! थोरल्याचं होतं. बोल्ग्योच्या बस थांब्यावरून गेला तेव्हा तो असाच वळला होता. पांढरा शर्ट, टोपी वर धरलेली. "आई, जेवून घे!" नटाचा धंदा असाच असतो. दिसेल त्याचं उचलायचं. मेलेल्यांचं तर बिनधास्त, ते मागायला येत नाहीत.

२१ नोव्हेंबर, मंगळवार

आज तो भाग लागला. सगळीकडे कौतुक! फोन थांबेना. नाटक मंडळीतल्या म्हाताऱ्या मित्राने बारमध्ये नेऊन सोजू पाजली, म्हणाला, "एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तू पडद्यावरून चालत बाहेर गेलास." मेंगबाईंचा निरोप आला, दोनच शब्द — "छान रडवलंत."

ओक्सुनचा फोन नाही आला. म्हणजे सगळं ठीक.

२२ नोव्हेंबर, बुधवार

ठीक नाही.

ओक्सुनचा सकाळीच फोन. आईने कालपासून काही खाल्लं नाही. भाग संपल्यावर तशीच खुर्चीत बसून राहिली. टीव्ही बंद केला तर काठी आपटली. रडत नाही. बोलत नाही. पेजेचा चमचा नेला की ओठ मिटते.

"पण मी मेलो नाही!" मी ओरडलो. "मी मेलोच नाही या वेळी! चालत गेलो ना!"

"माझ्यावर काय ओरडतोस? तिला येऊन सांग."

दोन दिवस सुटता येत नाही. शनिवारी जातो.

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

सलाईन लावलंय म्हणे. हातावर शीर सापडेना. सेटवर तीन वाक्यं चुकलो. जावयाचं कार्टं काही बोललं नाही, पाणी आणून दिलं.

एवढी नाचक्की करून घेतली, लेखिकेच्या पायाशी फळं ठेवली, पोरीला मध्ये घातलं. कशासाठी? मरून नाही, न मरून आईला मारलं मी. कुठे चुकलं तेच कळत नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार

बोल्ग्यो. ओक्सुनच्या घरातून लिहितोय. आजच लिहायला हवं.

दुपारी पोचलो. आई खिडकीशी उशीला टेकून. एवढीशी झालीय. मी शेजारी बसलो, हात धरला. तेच जुनं रडगाणं सुरू केलं — "आई, बघ, मी आहे. मेलो नाही. परदेशी पण गेलो नाही. टीव्हीतलं खोटं असतं. मी इथंच आहे, सोलमध्ये."

आईने माझ्याकडे बघितलं. डोळे स्वच्छ. इतके स्वच्छ की मीच गडबडलो.

"ठावं हाय की," ती म्हणाली. "मला काय खुळी समजतोस? तू नाटकातला हायेस. पैसं घेतोस आन् मरतोस. मला काय ठावं न्हाय?"

ओक्सुनच्या हातातली वाटी तशीच राहिली.

मी म्हटलं, "मग मागच्या वेळी... तीन दिवस..."

"तुझ्यासाठी न्हवते रं रडले, धाकल्या." आणि माझ्या हातावर थोपटलं, मलाच समजावल्यासारखं. "वाईट वाटून घेऊ नगंस. तू जिता हायेस, तुझ्यासाठी कशाला रडू? तो फोटू थोरल्याचा व्हता."

मी म्हटलं, आई, तो माझाच फोटो होता.

"आसंल. पांढरा शर्ट, आसा भांग. माझ्या थोरल्याचंच त्वांड. घरात त्याचा एक फोटू ठिवला न्हाय तुझ्या बापानं. त्वांड इसरत चालले व्हते मी त्याचं. आन् एकदम दिसला! फुलात बसलेला. आन् किती माणसं! बया, किती माणसं आली व्हती त्याला! काळ्या कपड्यातली, समदी वाकून वाकून नमस्कार करीत व्हती. पोरं रडत व्हती. कुणी आलं न्हवतं रं त्याला तवा. राख पाण्यात टाकून तुझा बाप घरी आला आन् म्हनला, भात वाढ."

ओक्सुन दाराबाहेर गेली. तिचं रडणं ऐकू येत होतं.

आई बोलतच राहिली, दम लागत होता तरी. आईने पोरापुढे वाकायचं नसतं, म्हणून ती कधी वाकली नाही. गावातलं कुणी वाकणार नाही, लग्न न झालेल्याला कोण वाकतं? म्हणून टीव्हीतली माणसं वाकली तेव्हा तिने मोकळं होऊन रडून घेतलं. एकदाच. मग रोज संध्याकाळी पहिल्या रांगेत बसायची, धाकटा पुन्हा कधी मरतो याची वाट बघत. पुन्हा माणसं येतील. पुन्हा त्याला नमस्कार करतील.

"मी समद्यांस्नी सांगत व्हते, औंदा मरतोय बघा माझा ल्योक. त्वांड पिवळं पडलंय." आणि मग तिने माझी बाही धरली. "आन् तुम्ही काय केलंत? पुन्ना परदेशी धाडलंत त्याला? पुन्ना तोच शर्ट घालून? पुन्ना मला जेवून घे म्हनला! मी जेवू कशी, धाकल्या? मागल्या खेपेला बी मी जेवून घेतलं आन् तो आलाच न्हाय."

मला रडू आवरेना. कॅमेऱ्यापुढे हुकमी रडतो मी, कुठल्या डोळ्यातून आधी ते विचारून! आज नाक वाहिलं, हुंदके आले, तोंड वाकडं झालं. म्हटलं, "तुला तो फोटो आणून देतो, आई. माझ्याकडे आहे. उद्याच आणतो."

तिने मान हलवली. "तवा मागितला तर दिला न्हाईस. आता नुसत्या फोटूचं काय करू मी? फोटूपुढं मान्सं लागत्यात."

मग डोळे मिटले. मला वाटलं झोपली. पेजेची वाटी घेऊन बसलो होतो, गार झाली होती. तेवढ्यात डोळे न उघडताच म्हणाली —

"आता न्हाईच का मरणार तू?"

२६ नोव्हेंबर, रविवार

आईच्या कानात सांगितलं, मरतो. तिने चार चमचे पेज घेतली.

मग मेंगबाईंना फोन केला. त्या वैतागून म्हणाल्या, "आता काय हवंय, प्यो सर?" म्हटलं, "बाई, मला मारा. तिथे परदेशातच मारा. आणि मयतीला माणसं भरपूर बोलवा. फोटो मी घरून आणतो."